भरल्या वजनानं

कप्पीरावांनी हातातला घास ताटात ठेवला आणि जाहीर करून टाकलं, "या खेपेला नाही जमलं, तर सगळं मोडून टाकीन. मग ती खोली तुझी."

हे ऐकायला तिघं हजर होते. समोर बसलेल्या काकू, म्हणजे त्यांची बायको. फोनच्या पडद्यावर दिसणारी, लांबच्या शहरात नोकरी करणारी मुलगी. आणि नेलेली पक्कड परत द्यायला दारात येऊन उभा राहिलेला तळमजल्यावरचा न्हावी. काकूंनी आणि लेकीनं हे पोटात ठेवलं असतं, घरच्या माणसाच्या अशा घोषणांची दोघींना सवय होती. पण न्हाव्यानं ऐकलं, आणि न्हाव्याच्या कानावर गेलेली गोष्ट इमारतीतल्या प्रत्येक डोक्यात जायला एक दिवस पुरतो. दुसऱ्या दिवशी दुपारी चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी दाढी करून घेता घेता विचारलंसुद्धा, की विमान मोडल्यावर त्यातली खुर्ची मिळेल का. आता शब्द मागे घ्यायची सोय राहिली नाही.

मोडायचं होतं ते विमान स्वयंपाकघरामागच्या अडगळीच्या खोलीत उभं होतं. तीन पडदे, एक कॉम्प्युटर, प्लायवूडचा सांगाडा आणि भंगारातल्या बसमधून आणलेली ड्रायव्हरची खुर्ची. शेजारी स्वयंपाकघरातलं एक स्टूल, ते सहवैमानिकाचं, आणि ते कायम रिकामं. कप्पीराव आयुष्यभर लिफ्टचे मेकॅनिक होते, तेव्हा बटणं सगळी लिफ्टची. चाकं वर घ्यायला 'दार बंद', चाकं खाली सोडायला 'दार उघडा', आणि ऑटोपायलट बंद करायला घंटेचं चित्र असलेलं लाल बटण. बाकीची अर्धी खोली लिफ्टच्या जुन्या सामानानं भरलेली होती: तेलकट कप्प्या, दोरखंडाचे तुकडे, दरवाजाचे रूळ, तीन खोकी भरून स्विच. 'कधीतरी लागेल' या दोन शब्दांवर ते सामान निवृत्तीपासून तिथं मुक्काम ठोकून होतं. काकू पडदे शिवून विकायच्या आणि त्यांचं मशीन निजायच्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्या मध्ये अडकलेलं असायचं. मोठा पडदा शिवायचा तर अर्धा पलंगावर पसरावा लागे, आणि त्यावर कप्पीराव झोपलेले असत. तरीही त्यांनी खोली कधी मागितली नव्हती. मागितली असती तर मिळालीही असती, हे त्या दोघांनाही माहीत होतं, आणि म्हणूनच बहुधा कुणी तो विषय काढत नव्हतं.

आता हे जमायचं होतं ते काय, ते सांगतो. जगभरात असे हजारो लोक आहेत, जे घरात बसून कॉम्प्युटरवर प्रवासी विमानं उडवतात. ज्यांना हा नाद नाही त्यांना हा खेळ वाटतो. ज्यांना आहे त्यांच्यासमोर 'खेळ' म्हणून पाहा, पुन्हा तुमच्याशी बोलणार नाहीत. कप्पीराव ज्या क्लबात होते तो तर फारच कडक. खरं विमान जेवढं आणि जसं चढतं, तसंच इथं चढलं पाहिजे. कुणाचं विमान पोटात तीनशे माणसं घेऊन रॉकेटसारखं वर गेलं, की त्याची आठवडाभर टिंगल व्हायची. क्लबाच्या रविवारच्या सामूहिक उड्डाणांचं नेतृत्व कॅप्टन करत, आणि कॅप्टन व्हायचं तर परीक्षा द्यावी लागे: भरल्या वजनानं लांबचं उड्डाण, आणि परीक्षकाच्या नजरेसमोर तीन टप्प्यांत पस्तीस हजार फुटांपर्यंतचा चढ. कप्पीराव हे नावही क्लबातलंच. पहिल्याच दिवशी 'स्वतःबद्दल थोडं सांगा' म्हटल्यावर ते कप्पीवर इतका वेळ बोलले, की बेकरीवाला सभासद ऐकता ऐकता झोपी गेला.

दोन वेळा ते नापास झाले होते, आणि दोन्ही वेळा पार तोंडावर आपटून.

पहिल्या खेपेची चूक अशी की ती फक्त लिफ्टच्या माणसालाच करता येते. लिफ्टमध्ये एक माणूस असो की आठ, ती वर जाते त्याच चालीनं. पहिला मजला असो की विसावा, तिला फरक पडत नाही, कारण दोराच्या दुसऱ्या टोकाला तोलाचं वजन बांधलेलं असतं. सगळी नोकरी हेच पाहण्यात गेलेली. तेव्हा कप्पीरावांनी जमीन सोडल्यावर ऑटोपायलटला हुकूम दिला, मिनिटाला अडीच हजार फूट, आणि हात छातीवर बांधून बसले. विमानाच्या दुसऱ्या टोकाला काही बांधलेलं नसतं. खाली हवा दाट, तिथं जमलं. वर हवा विरळ होत गेली, इंजिनांचा दम कमी पडायला लागला, पण हुकूम तोच. ऑटोपायलट हुकमाचा बंदा, तो नाक वर वर करत राहिला आणि वेग खाली खाली येत राहिला. शेवटी विमानाची हवेवरची पकड सुटली आणि धोक्याचा खडखडाट सुरू झाला. कप्पीराव घाबरून घंटेचं बटण दाबत सुटले, जणू कुणी येऊन दार उघडणार होतं.

परीक्षक होत्या डॉक्टरीणबाई. दातांच्या डॉक्टर, साठीच्या घरातल्या, आवाज इतका शांत की ऐकणाऱ्याला आपोआप आ वासावासा वाटावा. त्या तेव्हा हेडफोनमधून म्हणाल्या होत्या, "कप्पीराव, वेग धरून ठेवा आणि विमान जेवढा चढ देईल तेवढा घ्या. ओढून काढू नका. मी दातसुद्धा असा ओढत नाही."

दुसऱ्या खेपेला त्यांनी वेग धरला. पण भरलेलं विमान शेवटच्या टप्प्यात इतकं रेंगाळत चढतं, की कप्पीरावांना धीर निघेना. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी मेनूत जाऊन गुपचूप सगळे प्रवासी उतरवले. सामानही उतरवलं. विमान सुटलं ते असं, की डॉक्टरीणबाईंनी थोडा वेळ पाहून विचारलं, "आज विमान फार उत्साहात आहे. पोटात काही आहे ना त्याच्या?" कप्पीरावांना खोटं बोलता येत नाही, हा त्यांचा एक मोठाच दोष आहे. ते म्हणाले, "नाही." उड्डाण तिथंच थांबलं. त्यानंतर बरेच दिवस ते क्लबात तोंड दाखवायला तयार नव्हते. नापास झाल्याचं दुःख नव्हतं, लबाडी केल्याची लाज होती. आयुष्यात एकदाही त्यांनी न तपासलेल्या लिफ्टवर 'तपासली' म्हणून शिक्का मारला नव्हता, आणि इथं कुणी बघत नाही म्हणून तीनशे माणसं खाली उतरवली.

म्हणून ही तिसरी खेप. आणि त्यात ती घोषणा. खरं सांगायचं तर कप्पीराव मनातून घाबरले होते. निवृत्तीनंतर माणसाला लोक 'आता आराम करा' म्हणतात, आणि त्याचा अर्थ 'आता तुमची गरज नाही' असाच ऐकू येतो. त्या खोलीत बसलं की त्यांना वाटायचं, अजून आपल्याला काहीतरी नवीन जमू शकतं. ती खोली मोडली असती, तर ते वाटणंही तिच्याबरोबर गेलं असतं. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

तयारी मात्र त्यांनी झडझडून केली. सराव केला, पुन्हा केला. एकदा तर इंधनाचा हिशेब चुकून भर समुद्रावर टाक्या कोरड्या पडल्या आणि विमान पाण्यात गेलं. त्या दिवशी कप्पीराव जेवले नाहीत. काकूंनी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा ताट झाकून ठेवलं. "सगळी माणसं गेली," एवढंच ते म्हणाले. माणसं नव्हतीच, हे सांगायची ती वेळ नव्हती.

रविवारी उजाडताच कप्पीराव खुर्चीत बसले. या वेळी प्रवासी सगळे होते, सामान सगळं होतं, आणि टाक्यांत एकशे सहा टन इंधन. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना बंद, त्या दिवसभर पडद्यावर हजर राहणार होत्या, विणकाम घेऊन.

"सगळे बसलेत ना?" त्यांनी विचारलं.

"तान्ह्या पोरांसकट," कप्पीराव म्हणाले.

धावपट्टी संपता संपता विमानानं जमीन सोडली. 'दार बंद' दाबलं, चाकं पोटात गेली. कप्पीरावांनी वेग धरला आणि चढाकडे बघायचं सोडून दिलं. आधी मिनिटाला दोन हजार फूट, मग दीड हजार, मग हजार. वर हवा विरळ झाली तशी चाल आणखी मंदावली, शेवटी पाचशेवर आली. पूर्वी त्यांचा हात अशा वेळी शिवशिवायचा. आज त्यांनी तो मांडीखाली दाबून ठेवला. एकतीस हजारांवर विमान सरळ झालं, तेव्हा हेडफोनमध्ये सुयांचा खटखटाट तेवढा ऐकू येत होता. डॉक्टरीणबाई काही बोलत नव्हत्या, म्हणजे सगळं ठीक होतं.

इथून पुढचं काम थांबण्याचं. इंधन जळत जातं, विमान हलकं होत जातं, आणि हलकं झालं की कॉम्प्युटर दाखवतो, आता आणखी दोन हजार फूट झेपेल. वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणांवरून जाताना वैमानिकानं इंधन तपासून मोठ्यानं सांगायचं असतं. कप्पीराव प्रत्येक ठिकाणी टाकीच्या आकड्याकडे नजर टाकत आणि खणखणीत आवाजात म्हणत, "इंधन पुरेसं." समुद्राचा तो प्रसंग डोक्यात पक्का बसलेला. टाकीत भरपूर दिसलं की जीव भांड्यात पडायचा.

तीनेक तासांनी तेहेतीस हजारांवर जायचा टप्पा आला. कप्पीरावांनी चढ सुरू केला. मिनिटाला तीनशे फूट. दोनशे. शंभर. विमान चढेना. वेग एकेक अंकानं घसरायला लागला. पडद्यावरची कमाल उंची सकाळी होती तिथंच होती, तसूभर हलली नव्हती.

पहिल्या खेपेला ते इथंच नाक वर करून बसले असते. आज त्यांनी तसं केलं नाही. "खाली येतोय," ते म्हणाले, "एकतीस हजारांवर परत." विमान खाली येऊन स्थिर झालं.

"कारण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माहीत नाही. शोधतो."

लिफ्ट अडली की ते आधी मोटारकडे बघत नसत, आधी बघत आत किती माणसं आहेत. तसंच त्यांनी वजनाकडे पाहिलं. वजन तेवढंच. मग इंधनाच्या आकड्याकडे, या वेळी नजर न टाकता, चष्मा पुसून. एकशे सहा. निघताना एकशे सहा, तीन तासांनी एकशे सहा. दोन भली मोठी इंजिनं सकाळपासून धडधडत होती आणि टाकीतलं थेंबभर इंधन कमी झालेलं नव्हतं. ते प्रत्येक वेळी 'पुरेसं' म्हणत राहिले होते. न संपणारं इंधन पुरेसं असणारच.

त्यांनी सेटिंग्ज उघडली. 'अमर्याद इंधन' या शब्दांपुढे बरोबरची खूण होती. ती त्यांनी केलेली नव्हती. घरात दुसरं माणूस एकच.

"अगं," त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "माझ्या कॉम्प्युटरला हात लावलास?"

काकू दारात आल्या. गळ्यात मोजपट्टी, हातात पडद्याचं कापड. "परवा तुम्ही बाजारात गेलात तेव्हा. लेकीनं फोनवर सांगितलं कुठं दाबायचं ते. का, काय झालं?"

"का केलंस?"

"तुमचं इंधन संपतं आणि तुम्ही जेवत नाही. म्हटलं, एकदाची कटकट मिटेल."

कप्पीरावांच्या मनात एक नको तो विचार येऊन गेला आणि तो चेहऱ्यावर उमटला. काकूंनी तो वाचला. तीस वर्षं त्या हेच वाचन करत आल्या होत्या.

"खोली हवी असती, तर वायर उपटली असती," त्या म्हणाल्या. "एवढ्या बटणांत शोधत बसायला मला वेळ आहे का?"

"अगं, पण इंधन जळलंच नाही तर विमान हलकं कसं होणार? हलकं नाही झालं तर वर कसं जाणार?"

काकूंनी वाकून पडद्यावरचा इंधनाचा आकडा पाहिला. मग म्हणाल्या, "म्हणजे ते संपायलाच हवं होतं."

"संपायलाच हवं होतं."

"मग हे आधी सांगायचं नाही का? मला वाटलं, गाडीसारखं. जास्त असलं की चांगलं."

"कप्पीराव," हेडफोनमधून शांत आवाज आला, "तुमचा माइक चालू आहे."

कप्पीरावांचे कान तापले, त्यांनी काकूंना माइककडे बोट दाखवलं. काकूंनी पदर सावरला, जणू डॉक्टरीणबाई खोलीतच उभ्या होत्या.

"चूक तांत्रिक आहे," डॉक्टरीणबाई पुढं म्हणाल्या. "आणि ती तुम्ही स्वतः शोधलीत. ती खूण काढा, आणि मेनूतून इंधन आत्ता असायला हवं होतं तेवढ्यावर आणून ठेवा. ब्याऐंशी टन. क्लबाच्या नियमात बसतं ते. लगेच वर जाता येईल."

कप्पीरावांनी ती खूण काढली. आता नुसता आकडा बदलायचा होता. एक आकडा, आणि चोवीस टन वजन नाहीसं. बोट तिथवर गेलंही. पण याच मेनूतून त्यांनी मागच्या खेपेला तीनशे माणसं उतरवली होती, आणि ती गोष्ट त्यांना अजून खुपत होती.

"नको," ते म्हणाले. "नियमात बसत असेल, पण नको. जाळूनच कमी करतो."

"टप्पे तीन तास उशिरा येतील."

"येऊ द्या."

"शेवटचा टप्पा उतरणीच्या जेमतेम आधी येईल. आणि उतरताना वजन?"

कप्पीरावांनी हिशेब केला, पुन्हा केला. तीन तासांचं जास्तीचं इंधन घेऊन उतरायचं होतं. "मर्यादेच्या आत बसतं. काठावर, पण बसतं."

हेडफोनमध्ये सुया पुन्हा खटखटायला लागल्या. "तुमची मर्जी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्या आवाजावरून काही कळायला मार्ग नव्हता.

काकू परत वळल्या होत्या. कप्पीराव म्हणाले, "जरा बस ना इथं. मी पुन्हा 'पुरेसं' म्हणेन. मला माझाच भरवसा नाही. तू आकडा वाचून दाखव."

त्या रिकाम्या स्टुलावर आजवर कुणी बसलं नव्हतं. काकूंनी आधी त्यावरचे दोन स्विच उचलून खोक्यात टाकले, मग बसल्या, मांडीवर पडदा घेतला आणि खालची पट्टी हातानं शिवायला लागल्या. दर थोड्या वेळानं मान वर करून आकडा सांगायच्या, गिऱ्हाइकाच्या खिडकीचं माप सांगावं त्या आवाजात. "एकशे चार." "एकशे एक, थोडं कमी." थोडं कमी म्हणजे किती, असं कप्पीरावांनी विचारलं की त्या दशांशासकट सांगायच्या. मापाच्या बाबतीत त्यांना कुणी नावं ठेवलेली नव्हती आणि आता ठेवून घेणार नव्हत्या.

दुपार झाली. काकूंनी तिथंच जेवण आणलं. कप्पीराव जेवले, नीट जेवले. इंधन ब्याऐंशीवर आलं आणि कमाल उंचीचा आकडा, सकाळपासून हटून बसलेला, हळूच वर सरकला. तेहेतीस हजारांचा चढ सुरू झाला. चारशे फूट, तीनशे, पण वेग जागचा हलला नाही. विमान मुकाट्यानं वर गेलं आणि सरळ झालं. काकूंनी सुई थांबवून विचारलं, "झालं?"

"एक झालं. अजून एक."

तो एक यायला संध्याकाळ उजाडली. संध्याकाळ उजाडणं हा शब्दप्रयोग चुकीचा आहे हे मला कळतं, पण त्या खोलीतला प्रकार तसाच होता. बाहेर ऊन उतरत होतं आणि आत कप्पीरावांचा चेहरा फुलत चालला होता. "बावन्न," काकू म्हणाल्या. पडदा शिवून झाला होता, आता त्या नुसत्याच बसल्या होत्या, पुढं वाकून. "एक्कावन्न." त्यांचा आवाजही आता मापाचा राहिला नव्हता. पुढं अर्ध्या तासावर उतरण सुरू व्हायची होती. कमाल उंची अजून थोडी कमी होती. कप्पीराव पाणी प्यायले, त्यांनी हात पँटला पुसला.

"पन्नास," काकू म्हणाल्या. "बरोब्बर पन्नास."

कमाल उंची वर सरकली.

"पस्तीस हजारांसाठी चढ सुरू करतो," कप्पीराव म्हणाले.

आणि विमान चढलं. काय चढलं म्हणून सांगू. सकाळी जे शंभर फुटांसाठी धापा टाकत होतं, ते आता सहाशे फुटांनी वर निघालं होतं, वेग काट्यावर धरून, सगळी माणसं आणि सगळं सामान पोटात घेऊन. कुणी उतरवलं नव्हतं. कुणी ओढून काढलं नव्हतं. चौतीस हजार गेले. चौतीस पाचशे. चाल मंदावली, कप्पीराव म्हणाले, "देईल तेवढं," आणि त्यांचे हात मांडीवर होते, दाबून धरायची गरजच नव्हती. पस्तीस हजार. विमान सरळ झालं आणि तसंच राहिलं. समोरच्या तिन्ही पडद्यांवर मावळतीचं आकाश होतं.

कप्पीरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही, कारण उतरणीची तयारी करायची होती आणि हात रिकामे नव्हते. काकूंनी आपल्या हातातल्या पडद्याच्या टोकानं ते पुसलं. गिऱ्हाइकाचा पडदा होता तो.

विमान उतरलं, काठावरच्या वजनानं, थोडं दणकून. 'दार उघडा' दाबून खाली सोडलेली चाकं धावपट्टीला टेकली तेव्हा काकूंनी स्टूल गच्च धरलं होतं. मग डॉक्टरीणबाई बोलल्या.

"इंधन घटत नाही हे मला पहिल्याच तासात दिसलं होतं. तुम्हाला कधी दिसतं, ते बघत बसले होते. तीन तास लागले. ही मोठी चूक आहे आणि मी ती लिहिणार आहे. पुन्हा माझ्यासमोर 'पुरेसं' म्हणायचं नाही. आकडा सांगायचा."

"हो," कप्पीराव म्हणाले. त्यांना वाटलं, गेलं.

"पण विमान चढत नव्हतं तेव्हा तुम्ही ते चढवलं नाही. आणि मी सोपी वाट दाखवली ती घेतली नाहीत. घेतली असती तरी पास केलं असतं. पण इतक्या आनंदानं केलं नसतं." सुया ठेवल्याचा आवाज आला. "अभिनंदन, कॅप्टन. आणि सहवैमानिकाला सांगा, आकडे फार स्वच्छ वाचतात."

कप्पीरावांनी निरोप पोचवला, आणि काकूंनी माइककडे बघून मान लववली. कप्पीराव हसायला लागले आणि हसतच राहिले, इतके की फोनवर लेकीला सांगताना त्यांना दोन वाक्यं धड जोडता येईनात. शेवटी काकूंनीच फोन घेतला आणि इंधन का संपायला हवं असतं, ते लेकीला सगळं समजावून सांगितलं, जणू त्यांना ते जन्मापासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कप्पीरावांनी अडगळीच्या खोलीतली तीन खोकी, रूळ, दोरखंडाचे तुकडे असं सगळं एकेक करून खाली नेलं आणि भंगारवाल्याच्या हवाली केलं. एक कप्पी तेवढी ठेवली. मोकळ्या झालेल्या भिंतीशी त्यांनी काकूंचं मशीन आणून लावलं, खिडकीखाली, उजेडात. मग ते दाढी करायला तळमजल्यावर गेले.

दुकान भरलेलं होतं. बाकावर चौथ्या मजल्यावरचे आजोबाही होते, खुर्चीची चौकशी करायला आल्यासारखे. न्हाव्यानं कप्पीरावांना बसवलं, गळ्याभोवती कापड गुंडाळलं आणि आरशातून सगळ्यांकडे एक नजर टाकली.

"सकाळपासून सामान खाली येताना दिसतंय," तो म्हणाला. "मोडलं म्हणायचं?"

कप्पीरावांनी गळ्याभोवतीचं कापड नीट केलं. न्हाव्यानं खुर्ची वर घ्यायला पाय तिच्या दांडीवर ठेवला. "बरं, कुठवर नेऊ?"

"पस्तीस हजार," कप्पीराव म्हणाले. "भरल्या वजनानं."

न्हाव्याचा पाय दांडीवरच राहिला. बाकावरच्या आजोबांनी कानामागे हात धरून विचारलं, काय म्हणाले, काय म्हणाले. कप्पीरावांनी डोळे मिटून मान मागे टेकली. पुन्हा सांगायची त्यांना काही घाई नव्हती. न्हाव्याला सांगितलं होतं, म्हणजे इमारतीला सांगून झालं होतं.